शेवटची पायरी आधी

पदार्थ कोणता करायचा, हे मी सगळ्यात शेवटी ठरवलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसाठी स्वयंपाकाचा तास घ्यायचा होता. त्याआधी प्रत्येकाच्या घरच्यांकडून एक कागद भरून घेतला. ॲलर्जी आहे का, फिट येते का, हे कुणीही विचारेल. माझा भर गिळण्यावर होता. या माणसांमध्ये गिळण्याचा त्रास बराच आढळतो आणि तो पटकन लक्षात येत नाही. जेवताना ठसका लागतो, घास गालात साठून राहतो, पण घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की सांगायचंच राहून जातं.

ज्यांची स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी झाली होती, त्यांच्या कागदावर आयडीडीएसआयची पातळी लिहिलेली होती. अन्न किती मऊ, किती दाट हवं याची ही आंतरराष्ट्रीय मोजपट्टी, ० ते ७. पाचव्या पातळीवरच्या मोठ्या माणसाला ४ मिलिमीटरपर्यंतचे ओलसर कण चालतात, सहाव्या पातळीला १५ मिलिमीटरपर्यंतचे मऊ तुकडे. साधा कोरडा पाव या दोघांनाही वर्ज्य, कारण तो घशात अडकतो. आणि मला तर पावच करायचा होता! मग ठरवलं, पीठ सगळ्यांनी मळायचं आणि सोबत भोपळ्याचं दाट सूप सगळ्यांसाठी करायचं. पाव चालतो त्यांनी तो सुपात बुडवून खावा. हाताला काम सगळ्यांना, आणि ताट कुणाचंच रिकामं नाही.

एकाला प्रॅडर-विली सिंड्रोम होता. त्यात पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही, भूक सतत मागे लागलेली असते. त्याच्यासमोर अन्न उघडं ठेवणं म्हणजे त्याला तासभर छळणं. म्हणून त्याला सुरुवातीलाच दाखवलं: हा तुझा डबा, यात तुझा एक पाव, सूप प्यायच्या वेळी. बाकी सामान मोजून, झाकून ठेवलं. किती मिळणार हे एकदा पक्कं कळलं, की तो आमच्या सगळ्यांपेक्षा शांत असायचा.

पावाचा हट्ट का, तर मळण्यासाठी. स्पर्श, वास, चव हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्नायू आणि सांधे मेंदूला जी खबर देतात, तीही एक संवेदनाच आहे. ढकलणं, दाबणं, ओढणं अशा जोराच्या कामाने काही जणांचं अंग स्थिरावतं. ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि ७०च्या दशकांत संवेदनांच्या जुळणीचा जो सिद्धांत मांडला, त्यात ही जाणीव महत्त्वाची आहे. त्या सिद्धांतावर आधारलेल्या उपचारांबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत आणि मी काही उपचार करत नव्हते. पण एरवी एका जागी न बसणारा एक दादा पिठाच्या गोळ्यावर दोन्ही तळवे रोवून उभा राहिला आणि बराच वेळ हलला नाही, एवढं मी पाहिलं आहे.

माप साधंच: ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ. पाणी ३५ ते ४० अंशांचं. थर्मामीटर होता, तरी प्रत्येकाने मनगटावर एक थेंब घेतला. पीठ पांढरं म्हणून भांडं गडद निळं घेतलं, नाहीतर नजर अधू असलेल्यांना पीठ कुठे संपतं आणि भांडं कुठे सुरू होतं ते कळत नाही. भांड्याखाली ओलं फडकं ठेवलं, म्हणजे ते सरकत नाही. कच्चं पीठ तोंडात घालायचं नाही, कारण न भाजलेल्या पिठात जंतू असू शकतात. जिचं सगळंच तोंडात जातं, तिला मी पिकलेलं केळं कुस्करायला दिलं. ते खाल्लं तरी बिघडत नाही, आणि बोटांमधून चिकचिकाट बाहेर येतो तो वेगळाच.

सगळ्यांना चिकचिकाट आवडतो असं मात्र नाही. एक तरुण ओलं पीठ दिसताच हात पाठीमागे न्यायचा. नखरे नव्हते ते. काही जणांना ओलसर स्पर्श खरोखर सहन होत नाही. त्याच्यापुढे मी कोरडं पीठ आणि चाळणी ठेवली. नंतर पिठाचा गोळा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून दिला. पिशवीवरून त्याने तो असा काही तिंबला की बाकीचे बघत राहिले. पुढे कधीतरी एक बोट पिठाला लागलं, त्याने ते लगेच पुसलं. हात पुसायचा टॉवेल त्याच्या उजव्या हाताशीच असतो आणि तो तिथून हलवायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे.

शिकवण्याची पद्धत उलटी घेतली. मोजणं, मिसळणं, मळणं, फुगू देणं, उंडे करणं, भाजणं, लोणी लावणं अशा पायऱ्या. नवख्याला पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर तो मध्येच दमतो, आणि पाव होतो तो दुसऱ्याच्याच हातून. म्हणून मदतनिसाने सोबत राहून सगळं करवून घ्यायचं आणि लोणी लावण्याची शेवटची पायरी पूर्णपणे त्याची ठेवायची. ती जमली की तिच्या आधीची. अशाने काम दर वेळी त्याच्या हातून पुरं होतं. भाजणं तेवढं आम्ही आमच्याकडे ठेवलं. काही जण चटका बसला तरी हात मागे घेत नाहीत, त्यामुळे ‘लागलं की कळेल’ हे इथे चालत नाही.

खरी अडचण मदतनिसांची होती. त्यांचा हात आपोआप पुढे येतो, वर ठेवला जातो, आणि मग समोरच्याचा हात नुसतं साधन बनतो. मी सगळ्यांना एकच सांगितलं: तुमचा हात खाली, त्यांचा वर. नको वाटलं तर त्यांना तो उचलता आला पाहिजे. सूचना द्यायची ती एकच, थोडक्यात. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि गप्प बसायचं. हे दहा आकडे फार लांब असतात. बोलक्या माणसाला तर विचारूच नका.

ओव्हनमधून काढलेला पाव गार होताना त्याचं कवच बारीक तडतडतं, हे मला इतकी वर्षं कधी ऐकू आलं नव्हतं. एक ताई, ज्यांना दिसत नाही, त्या कान जवळ नेऊन बसल्या तेव्हा मी ऐकलं. आता तडतड ऐकणं ही आमच्या यादीतली एक पायरीच झाली आहे.

सध्या आम्ही सुपाचा ब्लेंडर एका मोठ्या बटणाला जोडला आहे. मध्ये वीज नियंत्रित करणारी पेटी असते, आणि सूप आधी कोमट होऊ देतो. ज्या काकूंना हात फारसा हलवता येत नाही, त्या तळहाताने बटण दाबतात. पहिल्याच वेळी त्यांनी ते सोडलंच नाही. आवाजाने दोघांनी कान झाकले, आम्ही सगळे बघत राहिलो, आणि काकू खुशाल दाबून बसल्या. सुपात गाठ म्हणून राहिली नाही. चौथ्या पातळीवाल्यांना, म्हणजे ज्यांना गाठ नसलेलं, एकजीवच अन्न चालतं त्यांना, तेच तर हवं होतं.