कावळ्याच्या बाजूने

मे महिन्यात आमच्या गावात दुपारची वीज गेली की कूलर बंद पडतो आणि नव्या घरातली माणसे काही न बोलता उठून मागच्या जुन्या मातीच्या घरात जाऊन बसतात. परवा अशाच वेळी बहिणीची दुसरीतली मुलगी चित्रांचे पुस्तक मोठ्याने वाचत होती. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे, मोठा पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. एवढे वाचून ती थांबली, दाराबाहेरच्या उन्हाकडे तिने डोळे बारीक करून पाहिले आणि मला विचारले, "मामा, चिऊचं घर उन्हायात पघयून जाईन नं?"

तिची शंका शास्त्राला धरून तपासायची, तर मधमाश्यांचे मेण वितळायला साधारण 62 ते 64 अंश तापमान लागते. तेव्हा पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या मुलखातही चिऊचे घर अगदी ओघळून गेले नसते. मात्र भिंती मऊ पडून छत पिल्लांच्या डोक्यावर आले असते, हे नक्की. इतकी वर्षे ही गोष्ट ऐकली आणि सांगितली, परंतु तिच्यात उन्हाळा कधी येतच नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या गोष्टीत फक्त पाऊस पडतो.

खरे सांगायचे तर आम्हा मुलांना ही गोष्ट लहानपणीही वेगळ्या कारणाने खटकत असे. मेणाचे घर आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. शेणाच्या घरात मात्र आम्ही सगळेच राहत होतो. आजी सणाच्या आधी भिंती सारवायला घेई तेव्हा शेण, माती आणि कुटार पायाने तुडवायचे काम आमच्याकडे असे. मग ती तो काला हाताने भिंतीवर ओढत जाई आणि तिच्या बोटांचे अर्धगोल एकावर एक उमटत जात. खालच्या वळीवर वरची वळ किती चढवायची, याचे तिचे माप कधी चुकत नसे. ओल वाळली की वर पांढऱ्या मातीचा पोतारा. भेग पडली की आजी करवादत असे, पण ती भेगेवर. भिंतीवर तिचा विश्वास होता. असल्या घरात बसून 'काऊचे घर शेणाचे' हे वाक्य ऐकले की आपण कोणाच्या बाजूचे, हे वेगळे ठरवावे लागत नाही.

आजी गोष्ट सांगे ती चिऊच्या सबबींसाठी. बाळाला न्हाऊ घालायचे, तीट लावायची, हे तर सगळ्यांच्याच घरी होते. आमच्या आजीची चिऊ त्यात तूर भरडून घेई, कापसातला कचरा वेचून घेई, गोठ्यातले शेण काढून घेई. (मेणाच्या घरात राहणाऱ्या चिऊकडे गोठा कोठून आला, असे विचारायची सोय नव्हती.) ही यादी आजीच्या त्या दिवशी उरलेल्या कामांवर अवलंबून असे आणि जितकी कामे जास्त, तितका कावळा पावसात जास्त वेळ भिजे. शेवटी दार उघडे, कावळा चुलीपाशी अंग वाळवी आणि गोष्ट संपे. काही घरांत तो चुलीवर भाजून निघतो, असे मला पुढे कळले. आमच्याकडे तसे झाले नाही. उलट एखादे पोर चिऊचे कौतुक करू लागले, तर आजी सुपातून मान वर न काढता म्हणे, "कावळ्याले बाहीर भिजत ठेवलं, अन् म्हने शहानी!"

पुस्तकांत मात्र शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले असते. या गोष्टीखाली साधारणपणे पुढचा विचार करून वागावे, अशा अर्थाचे काहीतरी असते आणि ते वाचले की माझ्या कपाळाची शीर उठते. कोरडवाहू शेतकऱ्याइतका पुढचा विचार कोण करतो? मृगाच्या आधी बियाणे घ्यायचे, खत घ्यायचे, पाऊस लांबला तर दुबार पेरणीसाठी काही राखून ठेवायचे. एवढा विचार झाल्यावर पक्क्या घरासाठी पैसा उरत नाही म्हणून भिंत मातीची राहते. कावळा अविचारी होता, हे पुस्तकवाल्याला कोणी सांगितले? म्हणून मुलांना गोष्ट वाचून दाखवताना त्या शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवण्याची मला सवय लागली आहे. मुलांचे त्यावाचून काही अडत नाही.

गोष्ट तशी फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी ती येते. तेथे चिमणीऐवजी साळई, म्हणजे साळुंकी, आहे, पण घरे तीच, एक शेणाचे आणि एक मेणाचे. म्हाइंभटांनी त्या लीळा जमवल्या त्या आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हणजे वऱ्हाडचे ऊन या गोष्टीला अनोळखी नाही. तरीही सातशे वर्षांत तिच्यात एकही वैशाख शिरला नाही, याचे नवल वाटते.

शिवाय पक्ष्यांच्या खऱ्या संसाराशी हा हिशेब जुळत नाही. कावळा घर शेणाचे बांधत नाही. तो काटक्यांचे, हल्ली तारेच्या तुकड्यांचेही, घरटे बांधतो आणि त्यात कोकिळेची पिल्ले स्वतःची समजून वाढवतो. दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवण्याचा दोष निदान त्याला देता येणार नाही. मेण तर मधमाश्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढतात, त्यात चिऊचे कर्तृत्व शून्य. आणि चिमणी राहते कोठे? आमच्याच घरात राहत होती, कवेलू आणि भिंत यांच्या फटीत, गवताच्या काड्या आणि चिंध्या कोंबून. म्हणजे शेणाच्या घराचा आसरा तिनेच घेतला होता आणि तोही कोणाला न विचारता. घरकुल योजनेतून स्लॅबची घरे झाली तेव्हा त्या फटी बुजल्या आणि बऱ्याच घरांतून चिमण्या गेल्या.

स्लॅबला मी नावे ठेवत नाही. ज्याने रात्रभर गळक्या छपराखाली गंज आणि पातेली मांडत जागून काढली आहे, त्याला स्लॅबची किंमत सांगावी लागत नाही. गेल्या श्रावणात झड लागली तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका एकट्या बाईची मागची भिंत रात्री बसली. अंगावरच्या लुगड्यानिशी ती शेजारच्या दारी गेली आणि कडी वाजवली. त्या घरात तान्हे मूल होते, तरी कोणी तीट लावत बसले नाही. पंचनामा झाला, घरकुलाच्या यादीत नाव घालू म्हणून सांगण्यात आले, ते अजून आलेले नाही. दिवाळीनंतर तिने स्वतःच माती कालवली आणि भिंत होती तशी उभी केली. शेजाऱ्याने घराचे काम करून उरलेली दोन पोती सिमेंट तिला भिंतीसाठी देऊ केली होती. ती तिने घेतली आणि ओट्याला लावली.