लेपर तिथे होता

सोमवार, रात्र

जॉन नोल्सची 'अ सेपरेट पीस' ही कादंबरी पुन्हा वाचायला काढली आहे. कपाट आवरताना हाताला लागली आणि आवरणं तिथेच राहिलं. या वेळी जीन आणि फिनीच्या मागे धावायचं नाही असं ठरवलंय. त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. आपण फक्त लेपरवर लक्ष ठेवायचं.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी ही वही उघडली तर मलाच संदर्भ लागायचा नाही. १९४२चा उन्हाळा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधली डेव्हन नावाची निवासी शाळा. (नोल्स स्वतः तिथल्याच फिलिप्स एक्सेटर अकादमीत शिकले, डेव्हन म्हणजे जवळपास तीच.) मुलं सोळा वर्षांची, आणि डोक्यावर महायुद्ध. त्याच वर्षी नोव्हेंबरात सक्तीच्या भरतीचं वय अठरावर आणलं गेलं, म्हणजे शाळा संपली की पुढे काय हे प्रत्येकाला ठाऊक. जीन अभ्यासू, जरा आतल्या गाठीचा. फिनी खेळाडू, लाघवी, मास्तरांनाही बोलण्यात गुंडाळणारा. दोघं एकाच खोलीत राहतात. नदीकाठच्या उंच झाडावरून पाण्यात उड्या मारायचं खूळ फिनीचं. एका संध्याकाळी दोघं फांदीवर असताना जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनी खाली कोसळतो. पाय असा मोडतो की खेळ कायमचा सुटतो. जीनने मुद्दाम केलं का? पुढची सगळी कादंबरी या एका प्रश्नावर उभी आहे.

आणि लेपर? खरं नाव एल्विन लेपेलियर. झाडं, बर्फ, प्राणी यांत रमणारा मुलगा. घोळक्यात असतो, पण नसल्यासारखा.

मंगळवार

पहिल्याच प्रकरणात झाडाखाली पाच मुलं आहेत. फिनी उडी मारतो, त्याच्यामागून जीन मारतो, उरलेले तिघं नको म्हणतात. त्या तिघांत लेपर आहे. म्हणजे अगदी सुरुवातीपासून हा त्या झाडाखाली उभा आहे. आपण फिनीकडे बघत असतो, इतकंच.

मग तो चेंडूचा खेळ. फिनीने उन्हाळ्यात स्वतःच काढलेला, ब्लिट्झबॉल. संघबिंघ काही नाहीत. ज्याच्या हातात चेंडू तो पळणार आणि बाकी सगळे त्याचे शत्रू. नियम पळता पळता ठरणार. लेपर आपल्याकडे आलेला चेंडू घेतच नाही. दुसऱ्या कुणी त्याला बावळट म्हणून सोडून दिलं असतं; फिनी तिथल्या तिथे त्याचा डाव करून टाकतो आणि नाव ठेवतो 'लेपेलियर नकार'. खेळात लेपरच्या नावावर जमा काय, तर नकार. वाचताना हसू येतं आणि आपण पान उलटतो. मी आज तिथे पेन्सिलीने खूण केली आहे.

बुधवार, दुपार

लेकीला फोन केला होता. कॉलेजात असताना तिने ही कादंबरी वाचली होती. म्हटलं, तुला लेपर आठवतो का गं? म्हणाली, "वेडा होतो तो ना, आई?" फिनीचा मात्र तिला गुलाबी शर्टसुद्धा आठवत होता, आणि पट्ट्याऐवजी कमरेला बांधलेला शाळेचा टायही. चूक तिची नाही. लेखकाने प्रकाश जिकडे टाकला तिकडेच बघणार ना माणूस.

पण नोल्सने ते जाणूनबुजून केलंय, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. पडण्याच्या संध्याकाळी जीन फ्रेंचच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलाय. फिनी येऊन सांगतो, चल, आज लेपर उडी मारणार आहे. जीन वैतागतो. हा माझा अभ्यास बुडवायला बघतोय, असं त्याला वाटतं. चिडून का होईना, जातो. म्हणजे ती संध्याकाळ मुळात लेपरची! त्याच्याचसाठी सगळे नदीवर निघालेत. पण झाडापाशी पोचल्यावर फिनीला दोघांनी मिळून उडी मारायची लहर येते, आणि तिथून पुढे लेपरची दखल लेखक जवळजवळ घेतच नाही. फांदी, फिनीचा चेहरा, पाण्याकाठचा तो आवाज. साक्षीदार आपल्या डोळ्यांसमोर उभा असतो आणि आपण त्याला पार विसरून जातो. रहस्यकथा लिहिणाऱ्याला पुरावा लपवायला केवढा आटापिटा करावा लागतो. नोल्सने तो एका गप्प मुलाच्या खिशात ठेवून दिला. त्याचे खिसे कोण तपासणार?

गुरुवार

हिवाळा. रेल्वेच्या यार्डात बर्फ साचून गाड्या अडकल्यात, म्हणून शाळेची पोरं फावडी घेऊन निघालीत. युद्धाला तेवढाच हातभार. वाटेत जीनला लेपर भेटतो, पायाला स्की बांधून एकटाच माळ तुडवत चाललेला. कुठे? तर बीव्हरचं, म्हणजे झाडं कुरतडून ओढा अडवणाऱ्या त्या प्राण्याचं, धरण बघायला. कामचुकारपणा म्हणून नव्हे. त्याला खरंच ते धरण बघायचं आहे.

आणि वर्गात सैन्यात जाणारा पहिला मुलगा हाच. वर्गाचं पुढारपण करणाऱ्या ब्रिंकरसारखे मोठमोठ्या गप्पा मारणारे राहिले बाजूला. जानेवारीत स्कीवरच्या सैनिकांचा भरतीपट दाखवायला एक जण येतो. पांढरे कपडे, पांढरा उतार, आवाज न करता घसरत जाणारी माणसं. लेपरला त्या युद्धात प्रथमच ओळखीचा चेहरा दिसतो. बदलत्या काळाबरोबर जे बदलतात तेच टिकतात, असं काहीतरी तत्त्वज्ञान तो जीनला ऐकवतो. माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात क्रूर पान हे. मरणाचं, अपघाताचं पानसुद्धा इतकं क्रूर नाही.

तो गेल्यावर मुलांना चघळायला विषय मिळतो. वर्तमानपत्रात दोस्त राष्ट्रांची कुठलीही सरशी छापून आली की म्हणायचं, ही करामत आपल्या लेपरची. ट्युनिशिया घ्या, स्टॅलिनग्राड घ्या, सगळीकडे लेपरच लढतोय. तो समोर होता तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं. नसताना त्याचा पोवाडा. फिनी एकटा त्यात सामील होत नाही. पण त्याचं कारण वेगळं, युद्ध चालू आहे हेच तो मानत नाही.

शुक्रवार, रात्री उशिरा

जीनला तार येते. मी निसटलोय, मदत हवी, नाताळच्या ठिकाणी आहे, ताबडतोब ये. नाताळचं ठिकाण म्हणजे घर, व्हरमाँटमधलं. आणि खाली सही: तुझा जिवलग मित्र, एल्विन लेपर लेपेलियर.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. जिवलग मित्र? आतापर्यंतच्या पानांत जीनने त्याला कधी मित्रसुद्धा म्हटलेलं नाही. जीनचा जिवलग फिनी, फिनीचा जिवलग जीन, आणि त्यातही केवढी असूया. लेपरच्या हिशेबात मात्र जीन पहिला होता. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मैत्रीच्या कादंबऱ्या जोडीच्या असतात. जोडीबाहेरच्या कुणी या दोघांपैकी एकाला आपला मानलं असेल, तर त्या मैत्रीचं काय, हा प्रश्न त्या एका सहीत आहे. नोल्स त्यावर एक ओळही खर्च करत नाहीत.

जीन जातो. लेपर बसाउठायला जेवणघर निवडतो, कारण तिथे पुढे काय होणार हे ठाऊक असतं. बोलताना त्याचा वरचा ओठ एका बाजूला आपोआप उचलला जातो. सैन्यात मन बिघडलं. 'सेक्शन एट' म्हणजे वेडा ठरवून काढून टाकतात. तो शिक्का बसला की जन्मभर नोकरी मिळायची नाही, म्हणून पळून आला. आणि मग तो सरळ बोलतो. तू आतून रानटीच होतास, फिनीला झाडावरून पाडलंस तेव्हासारखा. जीन लाथ मारून त्याची खुर्ची उलथवतो. लेपर जमिनीवर पडून हसतोय की रडतोय ते कळत नाही. आई धावत येते.

यानंतरची जागा मला फार आवडते. जीन जेवायला थांबतो! लाजेपोटी थांबतो, आणि भरपूर जेवतो, त्यामुळे आईचं मत जरा निवळतं. पोटभर जेवणारा मुलगा वाईट कसा असेल? व्हरमाँटमधली आई आणि आपल्याकडच्या आया यांच्यात काही फरक नाही. जेवणानंतर दोघं बर्फात फिरायला जातात. लेपर सांगायला लागतो: खुर्चीचे हात माणसाच्या हातांसारखे होतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या धडावर दिसतं. जीनला ऐकवत नाही आणि तो पळून जातो. जिवलग मित्र म्हणून बोलावलेला माणूस, गोष्ट अर्धी ऐकून.

रविवार

संपलं.

ब्रिंकर रात्री सभागृहात खोटी-खोटी न्यायसभा भरवतो, फिनी कसा पडला ते शोधायला. फिनीलाच आठवतं, लेपर तिथे होता. शिवाय फिनीने त्याला त्याच दिवशी शाळेच्या आवारात, झुडपांत लपताना पाहिलेलं असतं. लेपरला बोलावून आणतात. तो येतो तो उजळ चेहऱ्याने, ऐटीत. सांगतो: मागून ऊन येत होतं, दोघं काळे दिसत होते, एक क्षणभर खाली वर झाला, दट्ट्या हलतो तसा, मग दुसरा खाली आला आणि पडला. आधी कोण हलला, विचारल्यावर? सांगणार नाही. तुम्ही कधी ओळखलं नाहीत, पण मीही महत्त्वाचा आहे.

पुन्हा नकारच. चेंडूच्या खेळातला नकार आणि हा, दोन्ही एकाच मुलाचे. पहिल्या वेळी सगळे हसले होते.

त्याला बिचारा, निरागस वगैरे म्हणतात ते मला पटत नाही. गप्प माणूस मवाळच असतो हा समज बोलक्या माणसांनी करून घेतलेला आहे. लेपरने सगळं पाहिलं, जपून ठेवलं, आणि जेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते तेव्हा ते तोलून-मापून दिलं. त्यात आजार आहे, दुखणं आहे, पण थोडी मजाही आहे. ती त्याला मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. फिनी बाहेर धावतो, संगमरवरी जिन्यावरून पडतो, तोच पाय पुन्हा मोडतो, आणि शस्त्रक्रियेत हाडातली मज्जा रक्तात मिसळून हृदयापर्यंत जाते. तो मरतो. हे लेपरमुळे झालं असं कुणी म्हणत नाही. म्हणजे अपराधातही त्याचा वाटा कुणी धरत नाही.

पुढे लेपरचं काय झालं, ते कादंबरी सांगत नाही. पंधरा वर्षांनी जीन शाळेत परत येतो, जिना बघतो, झाड बघतो. लेपरची चौकशी नाही.

लेकीला हे सगळं रात्री फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, लेखकाचं काम झालं त्याच्याकडून, म्हणून सोडला असेल. तू उगाच फार शोधतेस." मी म्हटलं, सांगणारा जीन आहे, नोल्स नव्हे, जीनच्या तोंडी लेपरचं पुढचं आलं असतं तर तो जीन राहिला नसता. ती म्हणाली, "बरं बाई, तू म्हणशील तसं." तिला पटलेलं नाही. पण म्हणाली, पुस्तक पाठवून दे, पेन्सिलीच्या खुणांसकट.