तुम्ही विचारलंत म्हणून: द्यायचाच असेल तर न चालणारा लॅपटॉप द्या

"ऑफिसातले लॅपटॉप बदलले. जुने भंगारात घालवत नाही. तुमच्या त्या ओपन सोर्सवाल्यांना पाठवू का?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदाच लिहून ठेवतो. विचारणारे बहुतेक अशा छोट्या कंपन्यांमधले असतात, ज्यांचे फायरवॉल मी सांभाळतो. कपाटावरच्या त्या छोट्या डब्यात ओपनबीएसडी नावाचं काहीतरी चालतं, वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही आणि त्याचे पैसे मागायला कुणी येत नाही, एवढं त्यांना ठाऊक असतं. मग आपणही काहीतरी द्यावं असं वाटतं. भावना चांगली आहे, पण माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच असतं. ते तेवढंच सांगितलं की समोरचा हिरमुसतो, म्हणून जरा बैजवार.

ओपनबीएसडी ही ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड कुणालाही वाचता-वापरता येणारी, ऑपरेटिंग सिस्टिम थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीतून सुरू केली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. तुम्ही ती कधी पाहिली नसेल, पण सर्व्हरवर लॉगिन करायला जे ओपनएसएसएच वापरता ते १९९९ मध्ये याच घरातून बाहेर पडलं. म्हणजे आपल्याकडच्या आयटीत पोट भरणारा जवळजवळ प्रत्येक जण या मंडळींचं काही ना काही देणं लागतो. ही मंडळी मूठभर आहेत, जगभर विखुरलेली आहेत आणि बरेचसे नोकरी सांभाळून हे काम करतात.

आता मुद्दा. स्वतःला वापरायला मशीन घ्यायचं असेल तर सगळं चालतं असं घ्या. प्रकल्पाला द्यायचं असेल तर जे अजून चालत नाही असं द्या. न चालणारं म्हणजे बिघडलेलं नव्हे हं. मशीन धडधाकट हवं, फक्त त्यातल्या एखाद्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, अजून कुणी लिहिलेला नसावा. तुमच्या ऑफिसातल्या सहा-सात वर्षं जुन्या थिंकपॅडवर ओपनबीएसडी लोण्यासारखं चालतं, आणि नेमकं म्हणूनच ते डेव्हलपरच्या काही कामाचं नाही. तसले त्याच्याकडे आहेतच. लग्नात पाचवं भिंतीवरचं घड्याळ आलं की यजमान हसून घेतात आणि खोका पलंगाखाली सरकवतात, तशी गत होते. कालपरवा बाजारात आलेला, ज्याचं वायफाय उठतच नाही असा लॅपटॉप मात्र त्याला हवा असतो. तोही कुणालाही देऊन भागत नाही. वायफायचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्याच टेबलावर तो पोचला पाहिजे. ग्राफिक्स बघणाऱ्याकडे गेला तर फुकट गेला.

चालतं की नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो.) तिथे कंपन्यांनी भाड्याची मुदत संपली म्हणून परत केलेल्या लॅपटॉपच्या थप्प्या लागलेल्या असतात. खिशात ओपनबीएसडीच्या इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह ठेवायचा. आधी बायोसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यता असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद करायचं, कारण ओपनबीएसडी त्यावर चालत नाही. इथेच पहिली चाळणी लागते: जुन्या कंपनीने बायोसला पासवर्ड घातलेला असेल आणि तो दुकानदाराला माहीत नसेल, तर मशीन कितीही देखणं असो, खाली ठेवायचं. मग पेन ड्राइव्हवरून बूट. ओपनबीएसडीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सुरू होताना निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकतात. निळा पडदा दिसला की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. "अहो साहेब, काय केलंत? विंडोज उडालं!" उडालेलं नसतं, पण त्याला पटवण्यात दोन चहा जातात.

ती सरकणारी अक्षरं म्हणजे सगळी मेख. कर्नलला मशीनच्या पोटात जे जे सापडलं त्याची ही हजेरी. तिला डीमेसेज म्हणतात. इन्स्टॉलर "इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल?" असं विचारतो तेव्हा एस दाबायचं, म्हणजे कमांड टाइप करायला शेल मिळतो, आणि डीमेसेज ही कमांड देऊन ओळ न् ओळ वाचायची. ज्या चिपला ड्रायव्हर मिळाला तिच्यापुढे ड्रायव्हरचं नाव येतं. इंटेलचं वायफाय असेल तर बहुतेक आयडब्ल्यूएम किंवा आयडब्ल्यूएक्स. नाही मिळाला तर ओळीच्या शेवटी येतं "नॉट कॉन्फिगर्ड". नवशिके इथे दचकतात, कारण इन्स्टॉलरचा कर्नल मुद्दाम काटछाट केलेला असतो. त्यात आवाजाचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर नसतातच, त्यामुळे तिथे "नॉट कॉन्फिगर्ड" दिसणारच. आपण डिस्क, इथरनेट आणि वायफाय या तीन ओळी बघायच्या.

स्वतःसाठी घेणाऱ्याला माझा सल्ला एका दमात सांगता येतो. ग्राफिक्स इंटेलचं किंवा एएमडीचं असावं. एनव्हिडियाच्या वाटेला जाऊ नका, त्यांच्या आजच्या कार्डांना खरा ड्रायव्हर नाही, पडदा नुसता कसाबसा उजळतो. वायफाय इंटेलचं. ब्लूटूथ विसरा, ते २०१४ मध्ये काढून टाकलं. थिंकपॅड घेतलात तर डोक्याला ताप कमी, कारण डेव्हलपर स्वतः तेच वापरतात आणि स्वतःच्या मांडीवरचं मशीन झोपून उठलं नाही तर माणूस त्याच रात्री दुरुस्ती करतो. पिढी दोन-तीन वर्षं जुनी असावी. बस.

द्यायच्या बाजूला मात्र गोष्ट इतकी सोपी नाही, कारण हार्डवेअर मिळालं तरी ते कसं चालवायचं याचा कागद लागतो. चिपमध्ये कुठल्या रजिस्टरला, म्हणजे आतल्या कुठल्या कप्प्यात, काय लिहिलं की काय घडतं, हे चिप बनवणाऱ्याने सांगितलं नाही तर ड्रायव्हर लिहिणारा अंधारात चाचपडतो. बऱ्याच कंपन्या म्हणतात, गुप्ततेच्या करारावर सही करा, मग देतो. ओपनबीएसडीवाले ती सही करत नाहीत. कंपनीने बांधून दिलेला बंद ड्रायव्हरही घेत नाहीत, कारण त्यात काय आहे हे वाचता येत नाही आणि उद्या भोक सापडलं तर बुजवता येत नाही. चिपमध्येच चढवायच्या फर्मवेअरचं वेगळं. ते वाटायची परवानगी असेल तर चालतं. २००४-०५ च्या सुमारास वायफाय चिपांच्या कागदांसाठी त्यांनी जाहीर मोहीमच काढली होती. तैवानच्या रालिंकसारख्या कंपन्यांनी कागद दिले आणि त्यांच्या चिपा चांगल्या चालू लागल्या. अडॅप्टेकने त्यांच्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डांचे कागद दिले नाहीत, तेव्हा २००५ मध्ये त्या कार्डांचा ड्रायव्हर नेहमीच्या कर्नलमधून सरळ काढून टाकला. अर्धवट माहितीवर लोकांच्या डेटाशी खेळणार नाही, हा बाणा. मला तो पटतो. ज्या ग्राहकाकडे ते कार्ड आहे त्याला तो पटवून देणं मात्र माझ्या नशिबी येतं.

त्यामुळे तुम्ही एखाद्या चिप कंपनीत कामाला असाल, आणि पुण्यात, बंगळुरात असे मराठी लोक भरपूर आहेत, तर लॅपटॉपचं सोडा. तुमच्या साहेबांना विचारून एखादी डेटाशीट खुली करता आली तर बघा. एका कंटेनरभर लॅपटॉपनी जे होणार नाही ते त्या एका पीडीएफने होतं.

"मग जुन्या मशीनना काहीच किंमत नाही?" आहे, पण भलत्याच जुन्यांना. ओपनबीएसडी आजही अशा प्रोसेसरांवर चालतं ज्यांची नावं कॉलेजच्या पुस्तकात वाचून आपण विसरलो: अल्फा, एचपीचा पीए-रिस्क, सनचा स्पार्क-६४. एक तर जपानच्या ओमरॉनचं ल्युना नावाचं वर्कस्टेशन आहे. हो, आपल्या आजीच्या दंडाला गुंडाळायचं ब्लड प्रेशरचं मशीन बनवणारी तीच ओमरॉन. हा नुसता हौशी संग्रह नव्हे. इंटेलचा प्रोसेसर फार समजूतदार आहे. आठ बाइटचा आकडा आठने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचायला गेलात तरी तो मुकाट वाचून देतो. स्पार्क तो प्रोग्रॅम जागच्या जागी मारतो. शिवाय त्यात आकड्याचे बाइट इंटेलच्या उलट क्रमाने मांडलेले असतात, आणि पीए-रिस्कवर तर स्टॅक (प्रोग्रॅमची चालू कामाची मेमरी) खालच्या दिशेला न वाढता वर वाढतो. प्रोग्रॅमरने कुठे काही गृहीत धरलं असेल तर ते असल्या तऱ्हेवाईक मशीनवर लगेच उघडं पडतं. स्पार्कवर सापडलेली चूक दुरुस्त झाली की फायदा तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपलाही होतो.

आणि इथे एक मोठा खर्च येऊन बसतो. प्रत्येक जातीच्या मशीनसाठीची आवृत्ती त्याच जातीच्या मशीनवर तयार करायची, असा त्यांचा शिरस्ता आहे. वेगवान इंटेलवर बसून स्पार्कची आवृत्ती काढली तर काम पटकन होईल, पण मग स्पार्कची परीक्षा झालीच नाही. म्हणून कॅलगरीत, थिओंच्या तळघरात, नाना जातींची मशीन रॅकवर अहोरात्र घरघरत असायची. जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्या विजेच्या बिलासाठी २०,००० डॉलर कमी पडत असल्याचं जाहीर झालं, आणि पैसे उभे राहिले नाहीत तर प्रकल्प बंद करावा लागेल अशी भाषा सुरू झाली. जगभरच्या बँका आणि डेटा सेंटरं ज्यांच्या एसएसएचवर चालतात, त्यांची वीज तुटायची वेळ! पैसे उभे राहिले म्हणा. पण तेव्हापासून मी दात्यांना सांगतो की फुकट दिलेलं मशीन फुकट नसतं. ते जागा खातं, वीज खातं, आणि ते कुणीतरी सांभाळावं लागतं. डीईसी कंपनीच्या व्हॅक्स मशीनसारखं जुनं खोड २०१६ मध्ये शेवटी निवृत्त झालं, ते उगाच नाही.

तरीही द्यायचं ठरलं, तर आधी विचारायचं. डेव्हलपर मंडळी आपल्याला काय हवंय ते गावाच्या नावासह जाहीर करतात. त्यात तुमची वस्तू असेल तर ती मागणाऱ्या डेव्हलपरला ईमेल टाकायचा आणि होकार आल्यावरच हालचाल करायची. इथून कुरिअर करण्यात मात्र फारसा अर्थ नाही. वजनदार सर्व्हरचं भाडं त्याच्या किमतीच्या वर जातं, पलीकडे कस्टम आहेच, लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर विमानात घेतच नाहीत. त्यात आपल्याकडचा स्वस्तातला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कधीकधी फक्त २३० व्होल्टचा असतो आणि कॅनडातल्या सॉकेटला येतात १२०. त्यापेक्षा डेव्हलपरच्याच देशातल्या दुकानातून किंवा सेकंडहँड बाजारातून वस्तू विकत घेऊन परस्पर त्याच्या दारात पोचवा. परवडत असेल तर एकसारखी दोन द्या. कर्नलवर काम करताना मशीन सारखं कोसळतं आणि कोसळताना ते काय बोललं हे टिपायला शेजारी दुसरं लागतं. ती दोन जोडणारी सीरियल केबल विसरू नका, ती शंभरातले नव्व्याण्णव दाते विसरतात.

पैसे द्यायचे तर ओपनबीएसडी फाउंडेशन आहे, २००७ पासून, कॅनडातच. त्यावर ८०-जीची करसवलत मिळणार नाही. ती भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांपुरती. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चातही बसणार नाही, तो पैसा देशातच खर्च करावा लागतो. हे ऐकलं की निम्म्या कंपन्यांचा उत्साह ओसरतो, ते एक बरंच होतं.

ऑफिसातल्या त्या जुन्या लॅपटॉपचं काय, ते राहिलंच. चांगले असतील ते एसएसडी घालून, लिनक्स टाकून जवळच्या शाळेला द्या, आणि महिन्यातून एकदा जाऊन बघून येणारा माणूसही सोबत द्या. मेलेले असतील ते अधिकृत ई-कचरावाल्याकडे. त्यातला एक मात्र स्वतःकडे ठेवा. त्यावर ओपनबीएसडीची पुढच्या आवृत्तीची कच्ची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, टाका, दर आठवड्याला अपग्रेड करा आणि त्याचा डीमेसेज प्रकल्पाच्या पत्त्यावर धाडून द्या. हे डीमेसेज ते साठवून ठेवतात. कुठली चिप कुठल्या मशीनमध्ये बसवलीय, कोणतं हार्डवेअर अजून लोकांच्या वापरात आहे, हे त्यांना त्यातूनच कळतं. परवापर्यंत चालणारं वायफाय आज पडलं तर नीट बग रिपोर्ट लिहा: काल कुठली प्रत होती, आज कुठली आहे, मध्ये काय बदललं. मग तिकडून एखादा पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, येतो, "हा लावून बघून सांगा." तुम्ही तो लावता आणि सांगता. ते मशीन पुण्यात तुमच्या टेबलावरच राहतं, ना कुरिअर, ना कस्टम.

राहता राहिले ते, ज्यांच्या कंपनीच्या माळ्यावर नव्वदीतलं सनचं किंवा डीईसीचं धूड खरोखर पडलेलं आहे. तुम्ही मला जरूर कळवा. पण त्याला हात लावायच्या आधी मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, त्यावर मॉडेल नंबर वाचता यायला हवा. आणि अंदाजे वजन. वजन आधी.