सातवा प्रश्न

संस्थेच्या फॉर्मसोबत 12 प्रश्नांचा एक तक्ता होता. बोलणं, गिळणं, लिहिणं, जिना चढणं, श्वास. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, सगळे मिळून 48. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराचा रुग्ण कुठवर आलाय हे जगभर याच तक्त्याने मोजतात. मी दादाच्या पलंगाशी बसून भराभर आकडे टाकत होतो. सातवा प्रश्न अंथरुणात कुशीवर वळण्याचा आणि पांघरूण सारखं करण्याचा. मी 3 लिहिले. म्हणजे वेळ लागतो, पण स्वतःचं स्वतः जमतं.

वहिनी मागून वाचत होती. म्हणाली, "भावोजी, तिथे 1 करा. वळायला सुरुवात हे करतात, पुढचं मी करते. रात्रीतून चार वेळा."

निदान होऊन सात महिने झाले होते आणि मी शेजारच्याच खोलीत झोपत होतो.

या तक्त्यापर्यंत पोचायलाच आम्हाला इतका वेळ लागला. डॉक्टरांनी आजार नीट समजावला होता. हालचालींचे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, स्पर्श, दृष्टी, ऐकणं बहुतेकांचं शाबूत राहतं, लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 2 ते 5 वर्षं. रिलुझोल चालू केलं. ते 1995 पासूनचं औषध, काही महिने वाढवून देतं. पण घरी गेल्यावर करायचं काय, कोणाला विचारायचं, हे त्या कागदावर नव्हतं. 2014 साली लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेत होते, तेव्हा ते व्हिडिओ बघून मीही पोट धरून हसलो होतो. त्या बादल्यांतून एएलएस असोसिएशन या अमेरिकी संस्थेकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले. आजार कोणता, हे तेव्हा वाचायची तसदी मी घेतली नव्हती.

मदत मागायची नाही, यावर वहिनी ठाम होती. "घरच्या माणसाचं करायला संस्था कशाला?" मलाही मनातून तेच वाटायचं, फक्त मी ते 'आधी आपण बघू' अशा शब्दांत म्हणायचो. शेवटी मी एका दानशूर मंडळाकडे व्हीलचेअर मागितली. त्यांनी तातडीने दिली, हे मान्य करायला हवं. पण बॅनर धरून फोटो झाल्याशिवाय खुर्ची हातात येईना. दादाला मान सावरता येत नव्हती, फोटोत ती एका बाजूला पडलेली आहे. आणि खुर्ची साधी, घडीची. तिला डोक्यामागे आधारच नव्हता. दहा मिनिटांत दादा घामाघूम व्हायचा. ती खुर्ची आम्ही कपडे वाळत घालायला वापरली.

मग शोधता शोधता कळलं की या एकाच आजारासाठी काम करणाऱ्या संस्था आहेत आणि 1992 पासून त्यांची एक आंतरराष्ट्रीय आघाडीही आहे. त्यांच्या सदस्यांच्या यादीतून आमची संस्था सापडली. फॉर्म, निदानाचे कागद, ईएमजीचा, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीचा, अहवाल आणि तो तक्ता. उत्पन्नाबद्दल एकच ओळ होती. पुरावा मागितला नाही.

आठवड्याभरात त्यांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजचे व्यवहार सोपे कसे करायचे ते बघणाऱ्या, बाई घरी आल्या. मला वाटलं, दादाला तपासतील. त्यांनी आधी टेप काढून बाथरूमचं दार मोजलं. पलंगाची उंची मोजली. दादाला सकाळी डोकं दुखतं का, आडवं झालं की धाप लागते का, असं विचारलं. दोन्हीला होकार आल्यावर त्याच दिवशी श्वासाची तपासणी ठरवून घ्यायला लावली. आम्ही डोकेदुखीवर गोळ्या देत होतो. ती रात्री श्वास अपुरा पडल्याची खूण होती. महिन्याच्या आत बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र, आलं.

निघताना त्या म्हणाल्या, "आज काय लागतं ते आम्हाला दिसतंच. दोन महिन्यांनी काय लागेल, त्याचा अर्ज आज करा." हॉइस्टसाठी, म्हणजे रुग्णाला झोळीत उचलणाऱ्या यंत्रासाठी, रांग होती. दादाला अजून दोघांच्या आधाराने उठवता येत होतं, म्हणून त्याचं नाव रांगेत घालणं मला अभद्र वाटलं. वहिनीने सही केली. हॉइस्ट आला तेव्हा दादाचे पाय जमिनीवर टेकतही नव्हते.

एका बाबतीत मात्र उशीर झालाच. बोलणं स्पष्ट असताना आवाज रेकॉर्ड करून ठेवला, तर पुढे टॅब्लेट त्याच आवाजात बोलू शकतो. दादाची जीभ जड झाली होती. निदानाच्या दिवशी हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर, हा राग माझा अजून गेलेला नाही. मग मी जुन्या फोनवरचे निरोप उपसत बसलो. सापडले ते सगळे मला झापणारे.

आवाज गेल्यावर पाटी आली. पारदर्शक प्लॅस्टिकची, त्यावर अक्षरांचे गट. समोर धरायची आणि दादा कुठे बघतो ते ओळखायचं. डोळ्यांचे स्नायू या आजारात बहुधा शेवटपर्यंत टिकतात. मराठीत अडचण मात्रांची. प्रत्येक काना-वेलांटीसाठी पुन्हा डोळे फिरवायचे म्हटलं तर एका वाक्याला अर्धा तास. म्हणून आम्ही मात्रा गाळल्या. एकदा मी नर्स ठेवण्याबद्दल बोलत होतो. दादाने दाखवलं, प. मग ण. वहिनी पाण्यासाठी धावली, मी पलंगाची पाठ उचलली. दादाने डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे नाही. तीनदा असं झाल्यावर लक्षात आलं, त्याला पाणी नको होतं. त्याला म्हणायचं होतं, "पण". वाद घालायचा होता. वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि दादाही हसत सुटला. या आजारात हसू कधीकधी आवरत नाही. पण ते हसू खरं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनीने पाटीच्या कोपऱ्यात मार्करने अख्खा 'पण' लिहून टाकला.

संस्थेकडून दर गुरुवारी एक प्रशिक्षित स्वयंसेवक चार तास बसायला यायचे. घशातली लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन त्यांना माझ्यापेक्षा बरं जमायचं. पहिल्या गुरुवारी वहिनी बाहेर पडेल असं मला वाटलं होतं. ती आतल्या खोलीत जाऊन झोपली. दुसऱ्या गुरुवारीही. काळजीवाहकांच्या बैठकीला ती गेली ती थेट तिसऱ्या महिन्यात. तिथे काय बोलली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दादा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही साहित्य परत केलं. हॉइस्टची झोळी धुऊन वाळवली, बायपॅपचा मास्क टाकून दिला, पाटी वहिनीने ठेवून घेतली. हॉइस्टच्या बॅटरीचा चार्जर मात्र मिळेना. तो चार दिवसांनी पलंगामागे सापडला, तेव्हा घेऊन पुन्हा गेलो. संस्थेने आम्हाला दिलेली डोक्याला आधार असलेली खुर्ची तिथे नव्हती. आदल्या दिवशीच दुसऱ्या घरी गेली होती. डोक्याचा आधार त्यांना बराच खाली घ्यावा लागला असणार. दादा उंच होता.