रेडिओनिक्सने झाड वाढतं का? साठ पिशव्यांची चाचणी

रेडिओनिक्सवाल्यांचा दावा असा : झाडाचा किंवा मातीचा नमुना यंत्राच्या वाटीत ठेवायचा, डायल ठरावीक ‘रेट’वर, म्हणजे ठरावीक आकड्यांवर, लावायचे, की त्या झाडाला लांबूनच ऊर्जा पोचते. नमुन्याला ते ‘विटनेस’ म्हणतात. मूळ कल्पना सान फ्रान्सिस्कोच्या डॉ. अल्बर्ट अब्राम्सची. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या समितीने १९२४ मध्ये त्याची पद्धत तपासून निरुपयोगी ठरवली. पुढे १९४९ मध्ये हायरोनिमस या अमेरिकी माणसाच्या अशाच यंत्राला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि आजही तेच पुरावा म्हणून पुढे केलं जातं. पण पेटंट मिळालं म्हणून पीक वाढत नाही. ते पिकावरच बघायला हवं, म्हणून दापोलीकडच्या आगरात चाचणी घेतली.

पहिली खेप वाया गेली. यंत्राच्या पिशव्या एका बाजूला आणि साध्या दुसऱ्या बाजूला मांडल्या होत्या. दुपारी दोननंतर पोफळींची सावली फक्त साध्या पिशव्यांवर यायची. फरक ठसठशीत दिसला, पण तो उन्हाचा होता. ते आकडे टाकून दिले.

दुसऱ्या खेपेला डिसेंबर निवडला. पावसाळ्यात जोरदार सरी पिशवीतलं खत धुऊन नेतात आणि पागोळ्यांखालची पिशवी वेगळीच वागते. माती एकाच खाचरातली, जांभ्याची, सव्वाशे किलो. सावलीत वाळवून चाळली, ताडपत्रीवर ढीग करून फावड्याने तीनदा इकडचा तिकडे केला. कलमांसाठी मिळतात त्या काळ्या पिशव्यांत प्रत्येकी दोन किलो, तराजूवर मोजून. पिशव्यांवर १ ते ६० आकडे ऑइल पेंटने घातले. मार्करची शाई उन्हात उडते, आणि कागदी चिठ्ठी वाळवी खाते.

गट तीन : यंत्राचा, साधा आणि सुपर फॉस्फेटचा. तिसरा गट कशाला, असं सगळे विचारतात. माझ्या मते चाचणीचा खरा कणा तोच. जांभ्याच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी, त्यामुळे पिशवीमागे दोन ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेटने झाड वाढायलाच हवं. तो ओळखीचा फरकही दिसला नाही, तर आपल्या मोजणीतच खोट आहे आणि यंत्राबद्दल काही बोलायचा अधिकार आपल्याला राहत नाही.

तीन-तीन पिशव्यांच्या वीस ओळी केल्या. ओळीतल्या तिघींना सारखंच ऊन मिळेल अशी दिशा धरली आणि भोवती जास्तीच्या पिशव्यांचं कडं ठेवलं, कारण काठावरची झाडं वाऱ्याने लवकर सुकतात. तीन गट ओळीत मांडायचे प्रकार बरोबर सहा होतात, म्हणून ओळीमागे फासा एकदाच टाकायचा. फासा टाकणारी व्यक्ती वेगळी. तिने यादी पाकिटात घालून चिकटवली, जोडावर सही केली, आणि नंतर ना पाणी घातलं ना मोजमाप केलं.

विटनेससाठी साठही पिशव्यांतून, खत मिसळण्याआधी, एकेक चमचा माती काढून पुड्या बांधल्या. यंत्र चालवणाऱ्या काकांना फक्त त्यांच्या गटाच्या वीस पुड्या दिल्या, त्याही १ ते २० असे नवे आकडे घालून. रेट कोणता, किती वेळ, दिवसातून कितीदा, हे सगळं त्यांच्या मनाप्रमाणे. त्यांचा अंदाजही आधी लिहून घेतला : वजनात किती टक्के वाढ? हे विचारायलाच हवं. एकेका झाडात मुळातच वीस टक्क्यांची चढउतार असते असं धरलं, तर गटामागे वीस पिशव्यांत अठरा टक्क्यांहून लहान फरक बऱ्याचदा निसटतो. दावा पाच टक्क्यांचा असेल, तर ही चाचणी त्यासाठी अपुरी आहे.

खत मिसळताना साठही पिशव्यांची माती ओतून, ढवळून परत भरली, नाहीतर हललेली माती पाहून गट ओळखू येतो. चवळी ‘कोकण सदाबहार’, फुटके दाणे काढून, पिशवीत तीन. आठव्या दिवशी विरळणी करून एक रोप ठेवायचं. इथे हात नकळत जोमदार रोपाकडे जातो, म्हणून नियम आधीच ठरला : पिशवीच्या मध्याच्या सर्वांत जवळचं रोप ठेवायचं, मग ते किरटं का असेना. पाणी रोज १५० मिलि, मापाच्या पेल्याने. मावा आला तेव्हा फवारणी साठही पिशव्यांवर एकाच संध्याकाळी केली. वानरांसाठी वर जाळी हवीच.

अठ्ठाविसाव्या दिवशी झाडं जमिनीलगत कापून कागदी पाकिटांत भरली आणि ७० अंशांवर ४८ तास ओव्हनमध्ये वाळवली. आपल्याकडे उन्हात वाळवून भागत नाही. ओव्हनमधून काढलेलं पाकीट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवलं की खाऱ्या दमट हवेत आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. पाकिटं हवाबंद डब्यात थंड करायची, एकेक काढून लगेच वाचायचं, आणि रिकाम्या पाकिटाचं वजनही वाळवूनच घ्यायचं.

मातीचे नमुने तपासायला दिले तेव्हा काही नमुने दोन वेगळ्या आकड्यांनी दोनदा पाठवले. एकाच मातीच्या दोन अहवालांत जितका फरक येतो, त्याहून कमी फरकावरून गटांबद्दल काही म्हणता येत नाही.

निकालाचा नियम यादीचं पाकीट उघडण्याआधी कागदावर उतरवला होता : वीसपैकी किती ओळींत यंत्राची पिशवी साध्या पिशवीपेक्षा जड? दोघींत काहीच फरक नसेल, तर दोहोंपैकी कुठल्याही एका बाजूला पंधरा किंवा जास्त ओळी जायची शक्यता सुमारे चार टक्के. म्हणून रेघ पंधरावर मारली. सुपर फॉस्फेटने ती सहज ओलांडली. यंत्राची बाजू तिच्या बरीच अलीकडे राहिली. चाचणीला फरक दिसत होता, यंत्राचा दिसला नाही.

अग्निहोत्राच्या राखेने पीक वाढतं, हा दावा तपासायलाही हीच मांडणी चालते, फक्त साध्या गटात तितक्याच वजनाची साध्या शेणीची राख घालावी लागते. राख मुळातच अल्कधर्मी आणि पालाशयुक्त (पोटॅश असलेली), त्यामुळे आम्ल जांभ्यावर कुठल्याही राखेचा परिणाम होणारच.

काकांचा आक्षेप नंतर आला : पिशव्या फार जवळ होत्या, ऊर्जा शेजारी गेली. हा प्रश्न आधी लेखी विचारायला हवा होता, ती चूक माझी. आक्षेप मान्य करून पुढची खेप आखली आहे. आता ओळी एकमेकींपासून वीस पावलांवर, आणि अख्खी ओळ यंत्राची किंवा अख्खी साधी. पण मग ओळीत पिशव्या कितीही असोत, ती एकच मोजणी. अशा चाळीस ओळी, वीस यंत्राच्या आणि वीस साध्या, मावतील एवढी सपाट, सारख्या उन्हाची जागा आमच्या आगरात नाही. म्हणून भातकापणीनंतरची खाचरं मागून ठेवली आहेत.