शेवंतीच्या काश्या आणि लाल कुंडी

जानेवारीतला शेवटचा तास, एस.वाय.बी.ए.चा वर्ग निम्मा रिकामा. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची ‘द क्रिसॅन्थेमम्स’ ही कथा घ्यायची होती. फळ्यावर नाव लिहिलं, खाली ‘म्हणजे शेवंती’ असं लिहिलं, आणि एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी मागच्या बाकावरची मुलगी सरसावून बसली.

कथा १९३७ची, कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातली. डिसेंबरचं धुकं भांड्यावर झाकण घातल्यासारखं खोऱ्यावर बसलंय. पस्तिशीची एलिसा तारेच्या कुंपणाआड शेवंती फुलवते, तिचा नवरा पलीकडे गुरांचा सौदा करतोय. पातेल्यांना डाग देणारा एक फिरस्ता येतो. काम नाही म्हटल्यावर तो तिच्या फुलांची चौकशी करतो, आणि बाई उलगडत जाते. हातमोजे काढते, नव्या लाल कुंडीत ओल्या वाळूत रोपं लावून देते. वर घरातली दोन जुनी पातेली शोधून आणते आणि दुरुस्तीचे पन्नास सेंटही देते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर गाडीतून जाताना तिला रस्त्यात लांबवर एक काळा ठिपका दिसतो : त्यानं टाकून दिलेली तिची रोपं.

माझ्या नोट्स बारा वर्षांच्या जुन्या. शेवंती म्हणजे न झालेली मुलं, कुंपण म्हणजे संसार, धुकं म्हणजे घुसमट. पोरं उतरवून घेतात, पेपरात तेच लिहितात, मी मार्क देते.

“मॅडम, आमच्यात पंधरा गुंठे शेवंती आहे,” ती मुलगी म्हणाली. “जुलैत आठ इंचांवर छाटायला सांगते ना ती बाई, ते बरोबर आहे. शेंडा खुडल्याशिवाय फुटवा येत नाही. माझी आई हे कुणाला सांगत नाही. म्हणजे कुणी विचारतच नाही. एकदा खतवाल्यानं विचारलं, तर चहा निवला तरी ती बोलतच होती.”

वर्ग हसला. ती हसली नाही.

“पण कुंडी कशाला दिली? आम्ही काश्या, म्हणजे मुळांसकट फुटवे, ओल्या गोणपाटात देतो, नाहीतर पेपरात. नवी कुंडी कोण देतं?”

“म्हणून तर रोपं फेकली,” पुढचा एक मुलगा म्हणाला. “कुंडी विकता येते.”

मी पुस्तक उघडलं. एलिसाच्या मनात नेमकं हेच येतं : रस्त्याच्या कडेला तरी टाकायची होती, पण त्याला कुंडी ठेवायची होती, म्हणून तर रस्त्यातच टाकली. ते वाक्य मी इतकी वर्षं निव्वळ राग म्हणून वाचत होते. पण ती तर तिथे बसून त्याचा हिशेब मांडतेय! आतलं टाकाऊ, बाहेरचं कामाचं, हे तिला कळून चुकलंय, आणि नवऱ्याला ती एक अक्षर सांगत नाही. सुरुवातीचं ते धुक्याचं झाकण आठवलं. ते खोरंच मुळात एक भांडं, आणि येणारा माणूस भांडी दुरुस्त करणारा. फुलावर एवढी वर्षं बोलले, भांड्याकडे लक्षच नव्हतं.

तेवढ्यात घंटा झाली. नोट्स तशाच टेबलावर राहिल्या.

सोमवारी स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीवर ओल्या वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. आत आठ-दहा काश्या, मुळांना माती तशीच. दारातून ती म्हणाली,

“आईनं दिल्यात. कुंडी तेवढी तुमची तुम्ही आणा, मॅडम.”