अर्धा चेहरा नको, खांदा दाखवा

दोन संस्कृतींत वाढलेल्या माणसाचं चित्र म्हटलं की चेहरा मधोमध चिरलेला असतो: डावीकडे एक पोशाख, उजवीकडे दुसरा. ही कल्पना वापरून वापरून गुळगुळीत झालीय. शिवाय माणसाच्या आत अशी सरळ रेघ नसतेच. असं स्वतःचं चित्र करायचं असेल तर दुसऱ्या वाटा बघा.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने १९३९ साली एका चित्रात दोन अख्ख्या फ्रिडा शेजारी बसवल्या, एक पांढऱ्या युरोपीय झग्यात, दुसरी मेक्सिकोतल्या पारंपरिक तेहुआना वेशात. हृदयं उघडी, दोघींना जोडणारी रक्तवाहिनी, तिचं तुटकं टोक चिमट्यात धरलेलं, तरी झग्यावर रक्त सांडलेलं. चेहरे मात्र निर्विकार. हळवेपणाला रडका चेहरा लागत नाही, एवढं इथून जरूर उचला.

नायजेरियात जन्मलेली, अमेरिकेत राहणारी चित्रकार न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी हिची वाट वेगळी. तिच्या घरगुती प्रसंगांत भिंती, कपडे, कधी कातडीसुद्धा नायजेरियातल्या फोटोंच्या ठशांनी भरलेली असते. लांबून खोली दिसते, जवळ गेलं की गर्दी. ठसे असिटोन या द्रावकाने उतरवलेले, ते कुणालाही जमतील.

आपण ज्यात आहोत असा आपल्या माणसांचा समूह फोटो आरशातल्यासारखा उलटवून त्याची लेझर प्रिंट काढा. इंकजेट चालत नाही. असिटोन टोनरमधलं (लेझर प्रिंटरच्या भुकटीतलं) प्लास्टिक विरघळवतं, म्हणून ठसा उतरतो. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, गुळगुळीत कागदावर प्रिंट पालथी ठेवून एका कडेला टेप लावा. कापसाचा बोळा ओलसर हवा, निथळता नको. एका वेळी तळहाताएवढाच भाग भिजवून चमच्याच्या पाठीने लगेच घासा, कारण असिटोन भराभर उडतं. कोपरा उचलून बघत राहा. जास्त झालं की डोळे-ओठ ओघळतात, कमी पडलं की ठसा विरविरीत येतो. नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटेला जाऊ नका, त्यात पाणी नि तेल असतं. खिडक्या उघड्या आणि ज्योत लांब, हे वेगळं सांगायला नको.

खरी मेख स्वतःच्या जागेत आहे. प्रिंटमधून आपली आकृती आधीच कापून काढा. पण ती जागा कोरी सोडलीत तर माणूस दगावल्यासारखा वाटतो. तिथे नुसत्या पेन्सिलीने आकृती काढा आणि शेजारच्याच्या खांद्याचा ठसा तिच्यावर सेंटिमीटरभर चढू द्या. तेवढ्याने 'आत की बाहेर' हा प्रश्न चित्रात उभा राहतो. ॲक्रिलिक रंग शेवटी, पातळ करून. आधी लावलंत तर असिटोन तेही विरघळवेल.